आभाराचे चार शब्द

मेथीची जुडी बांधून सावळीरामने ढिगावर टाकली आणि दुसरीला हात घातला, तेवढ्यात बांधावरून गोटीराम येताना दिसला. डोकं तासलेलं, खांद्यावर पंचा, पाय अनवाणी. कालच त्याच्या आईची राख सावडून झाली होती. कुसाबाई म्हणजे सावळीरामची सख्खी चुलती, तेव्हा सुतक याही घरात होतंच. सुतकातली फुलं देवाला चालत नाहीत म्हणून दहा दिवस झेंडूला हात लावायचा नाही, ही त्यांच्या भाऊकीची जुनी रीत. भाजीला मात्र सुतक लागत नाही. हा नियम कोणी केला कोण जाणे, पण करणारा माणूस बाजारात माल नेणारा असावा.

गोटीराम शेडच्या दारात थांबला. दारात थांबून आत येऊ का विचारणारा हा माणूस नव्हे. एरवी तो आधी आत येई आणि मग हाक मारी.

"बस," सावळीराम म्हणाला.

गोटीराम त्याच्याहून दोन-तीन वर्षांनी मोठा. लहानपणी सावळीराम त्याला दादा म्हणायचा. पण आता कित्येक वर्षं तो त्याला कुठल्याच नावाने हाक मारत नसे. बिननावाचं बोलायचं आणि बिननावाचं निभवायचं, ही कला त्याला चांगली साधली होती.

गोटीराम पालथ्या क्रेटवर बसला. पंच्याने तोंड पुसलं.

"एक काम होतं तुझ्याकडं."

"बोल."

"दहाव्याला आभाराचं बोलावं लागतं पोराला. चार शब्द. मला उभं राहून नाय जमत रे. पारावर बसून मी गाव हसवीन, पण माइक समोर आला का पाय लटपटतात. आईचं काम हे, ते तरी नीट व्हावं. तू शिकव मला."

सावळीरामने हातातल्या जुडीला सुतळीचा वेढा दिला आणि असा आवळला की मेथीचे देठ कटकन मोडले. त्याने जुडी बाजूला ठेवली.

हे मागणं ज्या माणसाकडे आलं होतं, त्याची हकिगत आधी सांगितली पाहिजे. नाहीतर देठ का मोडले ते कळायचं नाही.

सावळीराम लहानपणापासून अडखळत बोले. शब्द ओठापर्यंत यायचा आणि उंबऱ्याला ठेच लागल्यासारखा तिथंच थांबायचा. मळ्यात त्याचं काही अडत नव्हतं. झेंडू आणि कोथिंबीर माणसाकडून भाषणाची अपेक्षा करत नाहीत. पण त्र्याण्णव साली त्याचे वडील पुंजाराम, ज्यांना सगळे नाना म्हणत, ते गेले, आणि दहाव्याला गंगेवर सतरंज्या पडल्या. नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतो. आणि आमच्याकडे दहावं पिंडावर संपत नाही. महाराजांचं प्रवचन होतं, मग माइकवर श्रद्धांजलीची भाषणं होतात, सोसायटीचा चेअरमन बोलतो, उमेदवारीची इच्छा असलेला बोलतो, आणि शेवटी थोरला मुलगा उठून आभार मानतो. नाही मानले तर लोक म्हणतात, बापासाठी चार शब्द महाग झाले.

सावळीरामने सगळं सुतक एकच वाक्य घोकण्यात घालवलं होतं: आपण सगळे माझ्या बापासाठी आलात. माइक हातात आला. "आ…" तो म्हणाला. "आ… आ…" पुढे गाडी हलेना. लोक आधी खाली बघत बसले, मग एकमेकांकडे बघू लागले. तेव्हा गोटीराम उठला, त्याच्या हातातून माइक काढून घेतला आणि गावाला ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात म्हणाला,

"राहू दे रे तोतऱ्या. तू हे संपवशील तवर नानांचं वर्षश्राद्ध येईल!"

दुखवट्यातलं हसू ढेकरासारखं असतं. दाबावं तेवढं मोठ्याने येतं. सतरंजीच्या एका टोकाला कोणीतरी फसकन हसलं आणि मग सगळी गंगा हसली. प्रवचनकार महाराजांनी उपरणं तोंडावर धरलं, पण त्यांचे खांदे हलत होते.

आणि सावळीराम? तोही हसला. बापाच्या दहाव्याला, तासलेल्या डोक्याने, सगळ्यांबरोबर दात काढून हसला. आपणच हसलो की लोकांचं हसू जरा कमी टोचतं, अशी काहीतरी त्या क्षणी समजूत झाली असावी. ही गोष्ट त्याने पुढे बायकोलाही सांगितली नाही. सगळा दोष गोटीरामच्या माथी मारून तो मोकळा झाला. मोकळा म्हणजे काय, अडकलाच.

नऊ वर्षांनी, कुंभमेळ्याच्या आदल्या वर्षी, पेपरातून एक पत्रक घरी आलं. 'बोला आणि जिंका! व्यक्तिमत्त्व विकास शिबिर, दर रविवारी, कॉलेज रोड.' सावळीराम गेला. तिसऱ्या मजल्यावरच्या हॉलमध्ये विमा विकणारे होते, प्रमोशन अडलेला ओझरच्या कारखान्यातला फिटर होता, कॉलेजची पोरं होती. टोपी घातलेला हा एकटाच. शिकवायला राज सर. वय तिशीच्या आत, भर मे महिन्यात गळ्याला टाय. पण माणसाला आपलं काम येत होतं, हे कबूल केलं पाहिजे.

"अडखळणं आणि थांबणं यात फरक एवढाच," राज सर म्हणत, "की थांबणाऱ्याची छाती पुढे असते."

शब्द अडला की छाती काढून थांबायचं, लोकांना वाटतं माणूस विचार करतोय. एक शब्द अवघड गेला तर शेजारचा उचलायचा. रोज सकाळी आरशासमोर 'मी सिंह आहे' असं मोठ्याने म्हणायचं. सावळीराम मोरीशेजारच्या आरशासमोर उभा राहून म्हणू लागला. चौथ्या-पाचव्या सकाळी चुलीपासून बायकोचा, फुलाबाईचा, आवाज आला, "सिंहाला चहा बिनसाखरेचाच ना?"

एका रविवारी राज सरांनी सगळ्यांना डोळे मिटायला लावले. "ज्यानं तुमचा अपमान केला, त्याचा चेहरा समोर आणा. विसरू नका त्याला. क्षमा वगैरे म्हातारपणी बघू. अपमान म्हणजे पेट्रोल आहे. टाकी भरलेली ठेवा."

सावळीरामला प्रयास पडले नाहीत. डोळे मिटताच गोटीराम हजर झाला, तंबाखूने काळ्या पडलेल्या दातांसकट. पण त्याच्या मागे आणखी एक तोंड हसत होतं. ते कोणाचं हे ओळखता क्षणीच त्याने डोळे उघडले.

"शाब्बास!" राज सर म्हणाले. "डोळ्यांत आग दिसतेय बघा यांच्या."

पेट्रोल चांगल्या प्रतीचं होतं, त्यामुळे गाडी पळाली. सावळीराम पहाटे झेंडूच्या वाफ्यांपुढे उभा राहून बोलायचा. पहिली श्रद्धांजली शेजारच्या मळ्यातल्या म्हाताऱ्याला वाहिली, ती बरी झाली. दुसरी चांगली झाली. मग ओझरहून बोलावणं आलं, पेठच्या रस्त्यावरच्या गावांतून गाडी न्यायला येऊ लागली. कोणी का गेलं असेना, सावळीराम बोलला की बायका पदर डोळ्याला लावत. ज्याला आयुष्यात पाहिलं नाही त्याच्यावरही तो रडवेलं बोलू शके. माइक कोणी कधी धरायचा, कोणाचं नाव आधी घ्यायचं, हेही सगळं त्याच्याकडे आलं. गावात कोणी आजारी पडलं की लोक आधी डॉक्टरला फोन करत आणि मग सावळीरामची तारीख मोकळी आहे का बघत, असं पोरं म्हणत.

पण ही सगळी रंगीत तालीम होती. खरा कार्यक्रम त्याने मनात कधीचा ठरवून ठेवला होता: गोटीरामचं दहावं. त्या दिवशी तो उठणार होता आणि गोटीराम काय लायकीचा माणूस होता ते भरल्या गंगेवर सांगणार होता. गोटीरामला खोकला झाला की याला हुरूप यायचा. त्याला शुगर निघाली तेव्हा सावळीराम दोनदा विचारपूस करून आला. गावाला वाटलं, भाऊकी असावी तर अशी.

फुलाबाईला मात्र वास लागला होता. एकदा ती म्हणाली, "म्हशीसारखा राग पाळलाय तुम्ही. रोज वैरण घालता, आन दूध थेंबभर नाय."

तर अशा माणसापुढे गोटीराम पालथ्या क्रेटवर बसला होता आणि म्हणत होता, शिकव मला. आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन. गोटीरामच्या मरणाची वाटच बघायची गरज उरली नव्हती. जिवंतपणीच, त्याच गंगेवर, त्याच लोकांसमोर तो माइक हातात घेऊन अडकणार, आणि तो अडकला की सावळीराम उठून म्हणणार, 'राहू दे दादा, तू हे संपवशील तवर काकीचं वर्षश्राद्ध येईल.' नुसत्या कल्पनेनेच त्याच्या अंगावर काटा आला.

"शिकवतो की," तो म्हणाला. "रोज दिवस कलला का येत जा."

दुसऱ्या दिवशी गोटीराम आला. शेडच्या पलीकडे झेंडू न तोडल्यामुळे फुलून फुलून काळवंडायला लागला होता. सावळीरामने विचारलं, "काकीबद्दल काय सांगशील?"

गोटीराम जरा वेळ हाताच्या रेघा बघत बसला.

"आई लय बोलायची, तुला माहितीये. झटका आला तवापासून वाचा गेली. शेवटची दोन वर्षं. काय मागायचं तर नुसते ओठ हलवायची. आधी मी चिडायचो. तिचा शब्द मीच पुरा करायचो, आन नेमका चुकीचा. तिला बसायचं असायचं, मी पाणी पाजायचो. ती रडायची. म्हणायचो, काय कटकट हे. मग एक दिवस म्हणलं, चल, आज घाईच नाय करायची. बसलो तिच्यापुढं. किती वेळ बसलो काय माहीत, दिवा लावायची वेळ झाली. मग आला एक शब्द."

"कोणता?" सावळीरामच्या तोंडून निघून गेलं.

"मीठ. भाजीत मीठ कमी पडत होतं तिला. कवापासून सांगत होती बिचारी."

गोटीराम हसला, आणि हसता हसता त्याने पंचा डोळ्याला लावला. "तवापासून मी रोज बसायचो. तासाला दोन शब्द. पण यायचे."

सावळीरामचे हात थांबले होते. श्रद्धांजलीच्या धंद्यात त्याने एवढी वर्षं काढली होती. माल ओळखता येत होता. हा माणूस हे असंच्या असं गंगेवर बोलला, तर एकही डोळा कोरडा राहणार नाही. मग कोण अडखळलं, कोण नाही, याला काडीची किंमत उरणार नव्हती.

"हे नको," तो म्हणाला. "मयताचं आजारपण चारचौघांत काढायचं नसतं. भाषणाला उंची पाहिजे. म्हण माझ्या मागं: वात्सल्यसिंधू मातोश्री कुसाबाई यांच्या देहावसानाने आमच्या कुटुंबावरील मातृछत्र हरपले आहे."

"वात्सल्य… काय?"

"सिंधू."

गोटीराम भातातला खडा चावल्यासारखं तोंड करून म्हणू लागला. त्या दिवशी एक वाक्य झालं, दुसऱ्या दिवशी दुसरं. 'उपस्थित तमाम आप्तेष्ट', 'ऋणाईत', 'अनंतात विलीन'. सावळीराम जड जड शब्द शोधून काढत होता आणि एकेक त्याच्या डोक्यावर ठेवत होता. मीठ पुन्हा निघालं नाही.

एवढ्यावर भागलं नाही. दोन दिवसांनी गोटीरामनेच विचारलं, "बोलताना नजर कुठं ठेवू?"

याची तर सावळीराम वाट बघत होता.

"बायकांच्या बाजूला. रंगूआक्काकडं बघून बोल. आपलं माणूस समोर दिसलं का धीर येतो."

रंगूबाई ही गोटीरामची बहीण. आणि दहाव्याला बोलणाऱ्या कुठल्याही जाणत्या माणसाला हे ठाऊक असतं, की बायकांच्या बाजूला चुकूनही बघायचं नसतं. तिथं लेक बसलेली असते. तिच्या तोंडाकडे नजर गेली की भल्याभल्यांचा गळा बसतो. सावळीराम स्वतः गंगेवर कायम पलीकडच्या काठावरच्या चिंचेकडे, आणि परगावी एखाद्या झाडाच्या शेंड्याकडे बघून बोलत असे. त्याने हजारो लोकांना रडवलं होतं, पण त्यातल्या एकाचंही तोंड पाहिलं नव्हतं.

गोटीरामने मान वर केली.

"रंगूकडं?"

"रंगूआक्काकडं."

"नक्की?"

"नक्की. मी बी तसंच करतो."

"बरं," गोटीराम म्हणाला, आणि सावळीरामकडे नुसता बघत राहिला. मग उठून बांधावरून निघून गेला.

फुलाबाई शेडमागे मेथी धूत होती. ती ओल्या हातांनी पुढे आली.

"बायकांकडं बघ म्हणालात त्यांना?"

"मग?"

"तुम्ही तर कधी बघत नाय."

"तू तुझं काम बघ."

"काकीनं काय वाकडं केलं होतं हो तुमचं? तुमच्या वेळच्या बाळंतपणाला तुमच्या आईपाशी तीच बसली होती म्हणत्यात."

"काकी मेली," सावळीराम म्हणाला. "तिला आता काय कळतंय?"

फुलाबाईने त्याच्याकडे असं पाहिलं की तो दुसरीकडे बघू लागला. मग ती हात पुसत आत गेली.

दहाव्याच्या आदल्या दिवशी गोटीरामचं भाषण पाठ झालं होतं. तोंडपाठ, म्हणजे फक्त तोंडाला पाठ. तो निघायला उठला आणि पुन्हा बसला.

"तू नानांवर कधी बोललास का रे?"

"काय?"

"एवढ्या लोकांवर बोललास. नानांवर कधी ऐकलं नाय."

"वेळ आली नाय," सावळीराम म्हणाला.

"हां." गोटीरामने पंच्याची दशी बोटाला गुंडाळली, सोडली. "त्या वेळेला मी जे…"

"उशीर झालाय," सावळीराम ताडकन उठला. "उद्या पहाटेच निघायचंय गंगेवर."

माफीबिफी आता परवडणारी नव्हती. टाकीला भोक पडलं असतं. एवढी वर्षं जपलेली गोष्ट कोणी दोन शब्दांत फुकट घालवावी, हे त्याला मान्य नव्हतं. गोटीराम गेल्यावर तो बराच वेळ शेडमध्ये येरझाऱ्या घालत आपलं वाक्य म्हणत राहिला. छाती पुढे, आवाज खणखणीत. एकदाही अडलं नाही.

दहाव्याला माणूस लोटला होता. पिंड झाले, महाराजांचं प्रवचन झालं, ताडपत्रीखाली एका बाजूला पुरुष, दुसऱ्या बाजूला बायका दाटीने बसल्या. माइक नेहमीप्रमाणे सावळीरामकडे होता. त्याने चेअरमनला बोलावलं, मग व्याह्यांना, मग आणखी दोघांना. पांढऱ्या टोप्यांमध्ये त्याला ओळखीची तोंडं दिसत होती. नानांच्या दहाव्याला हसलेली यातली पुष्कळ. केस पिकले होते, बाकी तीच होती. वाक्य त्याच्या जिभेखाली खडीसाखरेसारखं घोळत होतं.

"आता मातोश्रींचे चिरंजीव आभाराचे चार शब्द बोलतील."

गोटीराम उठला. माइक दोन्ही हातांनी धरला.

"वात्सल्य…" तो म्हणाला. "वात्सल्यसिंधू मातोश्री…"

आणि त्याने मान वळवून रंगूबाईकडे पाहिलं. नजर टाकली नाही, रोखली. रंगूबाई पदराचं टोक दातात धरून बसली होती, तिची आई धरायची तसंच. गोटीरामचा गळा एकदा हलला, पुन्हा हलला. आवाज आला नाही. मागे कोणाचा तरी मोबाइल वाजला आणि घाईघाईने बंद झाला. मग नुसता पाण्याचा आवाज राहिला. लोक खाली बघू लागले. थोड्या वेळाने एकमेकांकडे.

सावळीराम उठला. छाती आपोआप पुढे आली. चालत जाऊन त्याने माइकवर हात ठेवला. गोटीरामने माइक सोडला नाही. माइकचं तोंड तळव्याने झाकलं आणि अगदी हळू म्हणाला,

"मला ठाऊक होतं."

"काय?"

"तू चिंचेकडं बघून बोलतोस. सगळी भाषणं ऐकलीत मी तुझी, मागं उभा राहून. बायकांकडं तू कधीच बघितलं नाय."

सावळीरामचा हात माइकवरच राहिला. "मग बघितलं कशाला?"

"नानांच्या दहाव्याला मी तुला काय केलं, ते मला आईजवळ बसल्यावर कळलं. काल सांगत होतो, तू सांगू दिलं नाय. आज तुझी पाळी. तेच लोक बसलेत समोर. म्हण, काय म्हणायचं ते."

त्याने तळवा काढला. माइक शिट्टी वाजवून उघडा झाला. गोटीरामने तो आपल्या हातात तसाच धरून सावळीरामच्या तोंडापुढे केला.

राग गेला, असं वाटेल कोणाला, गेला नाही. उलट भडकला. एवढ्या वर्षांची भूक, आणि घास हिसकून घ्यायचा तर समोरचा तोच भरवायला पुढे आला होता. या तोंडाची सावळीरामने इतकी उजळणी केली होती, पण डोळे मिटून. उघड्या डोळ्यांनी आज पहिल्यांदा बघत होता. म्हातारं झालं होतं. ओलं होतं. आणि त्यावर भीती नव्हती. यामुळे तर त्याचं डोकं आणखीच फिरलं. म्हणणार, त्याने ठरवलं. म्हणणारच. मागतोयस ना, घे.

त्याने तोंड उघडलं.

"रा…"

पुढचं आलं नाही. त्याने छाती काढून वाट पाहिली. "रा… रा…" शेजारचा शब्द शोधला, तो सापडेना. सगळी शिकवणी जिना उतरून कॉलेज रोडला निघून गेल्यासारखी गेली. कपाळावरचा घाम भुवईत उतरला. मागच्या बाजूला कोणी तरणं पोरगं खुसखुसलं, आणि त्याच्या शेजारच्यानेही तोंडावर हात धरला.

सावळीरामला आपले ओठ दोन्ही बाजूंना ताणले जाताना जाणवले. दात उघडे पडू लागले होते. काय येतंय ते त्याने ओळखलं. आतून सगळा जोर लावून त्याने ओठ मिटले, आणि चिंचेकडे न बघता, समोर बसलेल्या माणसांकडे बघत, न हसता उभा राहिला. आयुष्यात एवढं अवघड काम त्याने केलं नव्हतं. पुन्हा तोंड उघडलं, पण आता कुठला शब्द येणार आहे, हे त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं.

गोटीराम एक पाऊल जवळ सरकला.

"होऊ दे सावकाश," तो म्हणाला. "कुणाला घाई नाय."